यादीत नाव दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही

दोन मराठी याद्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, जुळवायच्या ठरवल्या की ही अडचण हमखास येते, आणि एकदा सुटली असे वाटले तरी पुढच्या यादीबरोबर ती परत येते. पुण्यातील पतसंस्था, गृहनिर्माण संस्था, शिकवणी वर्ग, लहान रुग्णालये अशा ठिकाणी नावांच्या किमान दोन याद्या असतातच : एक कार्यालयातील प्रणालीत भरलेली आणि दुसरी कधीकाळी छपाईसाठी पेठेतल्या डीटीपीवाल्याने बसवलेली. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागत असल्यामुळे ऐन पावसाळ्यात नोटिसा, लाभांशाच्या याद्या आणि पाकिटांवरील पत्ते यांची जुळवाजुळव सुरू होते. अशा वेळी कुऱ्हाडे नावाचे सभासद दोन्ही याद्यांत डोळ्यांना स्पष्ट दिसत असतात, तरीही स्क्रिप्ट त्यांना नवीन सभासद ठरवते. किंवा कोंढव्यातील सर्व पत्ते मागितले असता निम्मेच हाती लागतात.

कार्यालयात यावर एक ठरलेला उपाय चालतो, तो म्हणजे न जुळणारे नाव पुसून पुन्हा टाइप करणे. तो उपाय लागू पडतो, आणि तेच त्याचे वाईट आहे. कारण नाव जुळले की कोणी खोलात जात नाही. पुन्हा टाइप करताना नावाची अक्षरे पडद्यावर पूर्वीसारखीच दिसतात, परंतु त्यामागचे संकेतांक, म्हणजे प्रत्येक चिन्हासाठी संगणक साठवतो ते क्रमांक, बदलतात. संगणक तुलना करतो ती या संकेतांकांची. फॉन्टने काढलेल्या अक्षराशी त्याला काही देणेघेणे नसते.

दुखणे कोणते, ते आधी ठरवावे

मराठी मजकूर बिघडला असे म्हणताना तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, आणि त्यांचे उपाय एकमेकांना चालत नाहीत.

पहिला प्रकार म्हणजे मराठीच्या जागी रोमन चिन्हांचा चिखल दिसणे. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड या जागतिक संकेतांक-पद्धतीतील मजकूर फाइलीत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि त्यांतील पहिले दोन बाइट ठरलेले असतात : ई० आणि ए४, किंवा ई० आणि ए५ (हे आणि पुढचे असे सगळे संकेतांक सोळा-आधारी, हेक्साडेसिमल लिखाणातील आहेत). हीच फाइल विंडोज-१२५२ या पश्चिम युरोपीय संकेतप्रणालीने वाचली की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसू लागते. ही जोडी दिसली की मजकूर शाबूत आहे आणि फक्त वाचणारा प्रोग्रॅम चुकला आहे, असे समजावे. विंडोजवर पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेने फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे संकेतप्रणालीचे नाव, दिले नाही, तर याच कारणाने ८डी हा बाइट उलगडता येत नसल्याची तक्रार येते. हा ८डी कोठून आला, याचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. अक्षराचा पाय मोडण्याच्या चिन्हाचा तो तिसरा बाइट आहे, विंडोज-१२५२ मध्ये त्याची जागा रिकामी आहे, आणि जोडाक्षराशिवाय मराठीचे पान भरत नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग नेहमी स्पष्ट लिहावे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सरळ प्रश्नचिन्हांची रांग. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही प्रकारात, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या मजकुराच्या रूपात, फाइल जतन केली, तर त्या संगणकाच्या जुन्या संकेतप्रणालीत न बसणारे प्रत्येक चिन्ह प्रश्नचिन्ह होऊन लिहिले जाते. अशा फाइलीतून मजकूर परत मिळत नाही. मूळ एक्सेल फाइल मागवून ती यूटीएफ-८ सीएसव्ही या स्वतंत्र पर्यायाने पुन्हा जतन करून घ्यावी, आणि दुरुस्तीच्या स्क्रिप्टवर वेळ घालवू नये.

या दोन्हींच्या सीमेवर एक छोटी खोडी आहे. एक्सेलने यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या अगदी आरंभी एफईएफएफ हे न दिसणारे चिन्ह असते. पायथनने ती फाइल साध्या यूटीएफ-८ ने वाचली की ते चिन्ह पहिल्या स्तंभाच्या शीर्षकाला चिकटते, आणि 'नाव' हा स्तंभ डोळ्यांसमोर असूनही असा स्तंभच नाही, अशी चूक येते. वाचताना यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग दिले की चिन्ह असले तरी आणि नसले तरी काम चालते. एक्सेलमध्ये उघडायची फाइल लिहितानाही हेच द्यावे, म्हणजे दोनदा टिचकी मारून उघडणाऱ्यालाही मराठी नीट दिसते.

तिसरा प्रकार म्हणजे ज्यासाठी हे सारे लिहिले आहे तो : मजकूर नीट दिसतो, छपाईही नीट होते, मात्र तुलना, शोध आणि एका यादीतील नाव दुसरीत शोधणारे एक्सेलमधील व्हीलुकअप फसतात.

नाव उलगडून पाहणे

अंदाज बांधण्यापूर्वी न जुळणारी दोन्ही नावे चिन्हागणिक उलगडून पाहावीत. पायथनमध्ये युनिकोडडेटा या मोड्यूलचे नेम हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचे अधिकृत नाव सांगते आणि ऑर्ड त्याचा संकेतांक देते. चार ओळींची ही सोय हाताशी ठेवली तर पुढचा बराचसा वाद मिटतो. ज्याला स्क्रिप्ट लिहायची नाही त्याने एक्सेलमध्ये दोन्ही नावांना लेन हे सूत्र लावून लांबी पाहावी. दिसायला सारख्या नावांची लांबी वेगळी आली की दुखणे तिसऱ्या प्रकारचे आहे हे नक्की झाले.

'कुऱ्हाडे' हे नाव असे उलगडून पाहिले की तीन रूपे समोर येतात. पहिल्या रूपात क, उकार, मग ०९३१ हा स्वतंत्र संकेतांक असलेला ऱ, पाय मोडण्याचे ०९४डी हे चिन्ह, ह, काना, ड आणि मात्रा अशी एकूण ८ चिन्हे असतात. दुसऱ्या रूपात ऱ नसतोच. तिथे ०९३० हा साधा र असतो, त्यानंतर पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यानंतर २००डी हे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. या जोडचिन्हाला सगळे झेडडब्ल्यूजे म्हणतात. तिसऱ्या रूपात साधा र, त्याच्या खाली ०९३सी हा नुक्ता आणि मग पाय मोडण्याचे चिन्ह असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या रूपाची लांबी ९ भरते. तिन्ही ठिकाणी फॉन्ट अर्ध्या र ची तीच आडवी खूण, म्हणजे पापणी, काढून दाखवतो. गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडे या आडनावांची आणि सासवडजवळून वाहणाऱ्या कऱ्हेच्या नावाची हीच गत होते.

यावर साधारणपणे युनिकोडचे नॉर्मलायझेशन करा, म्हणजे समान ठरवलेली रूपे एकाच ठरावीक रूपात आणा, असा सल्ला मिळतो. सल्ला योग्य आहे, पण अपुरा आहे, आणि तो कोठे अपुरा पडतो हे न कळल्यामुळेच अडचण परत येत राहते. एनएफसी हा नॉर्मलायझेशनचा नेहमीचा प्रकार तिसऱ्या रूपातील कुऱ्हाड्यांना पहिल्यात आणतो, कारण र आणि नुक्ता ही जोडी ०९३१ च्या तोडीची आहे, असे युनिकोडनेच ठरवून दिले आहे. नुक्ता चुकून पाय मोडण्याच्या चिन्हानंतर टाइप झाला असेल, तर त्यांचा क्रमही ते नीट लावते. दुसऱ्या रूपाला मात्र एनएफसी हात लावत नाही. झेडडब्ल्यूजे हे युनिकोडच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्ह आहे आणि ते ठेवायचे की काढायचे, हे ठरवण्याचे काम आपल्यावर सोडलेले आहे.

इथेच एक घाईचा उपाय सुचतो, की न दिसणारी सगळी चिन्हे सरसकट काढून टाकावीत. तसे करू नये. झेडडब्ल्यूजे काढले की पापणी जाऊन रफार येतो, आणि 'आचाऱ्यांना' वाढायचे पान 'आचार्यांना' जाते. नावांच्या यादीत हे कधीतरी गमतीचे वाटेल, परंतु एका नोंदीचे दुसऱ्या माणसाच्या नोंदीशी जुळणे हे न जुळण्यापेक्षा अधिक घातक असते, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि झेडडब्ल्यूजे हे त्रिकूट सापडले की आधी त्याच्या जागी ०९३१ आणि ०९४डी ही जोडी ठेवावी, आणि त्यानंतरच उरलेली २००बी, २००सी, २००डी व एफईएफएफ ही चिन्हे काढावीत. पायथनच्या स्ट्रिपवर, म्हणजे मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या सोयीवर, यासाठी विसंबू नये. ते न तुटणारी मोकळी जागा काढते, मात्र शून्य रुंदीची जागा आणि फाइलीच्या आरंभीचे चिन्ह त्याच्या लेखी मोकळी जागा नसल्यामुळे तसेच राहतात. एक्सेलचे ट्रिम तर न तुटणारी मोकळी जागाही काढत नाही.

कोंढवा, मुंढवा आणि डीटीपीचा वारसा

नावांपेक्षा पत्त्यांत अधिक वेळा दिसणारा प्रकार वेगळा आहे. युनिकोडपूर्व काळात शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत बसवलेला मजकूर मुळात रोमन संकेतांकांत साठवलेला असे आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचे आकार चढवत असे. त्यात काना हा एक आकार आणि मात्रा हा दुसरा आकार. ऑपरेटर जसे दिसेल तसे, टंकलेखन यंत्राच्या सवयीने, एकापुढे एक आकार बसवत जाई. तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणला की अनेकदा आकारांची तीच रांग नव्या संकेतांकांत जशीच्या तशी उतरते. परिणामी 'को' मध्ये ०९४बी या एका चिन्हाऐवजी काना आणि मात्रा अशी दोन चिन्हे येतात, आणि 'मुं' मध्ये उकाराच्या आधीच अनुस्वार बसतो. पडद्यावर 'काेंढवा' आणि 'मंुढवा' पुष्कळ फॉन्टांत जवळजवळ बरोबर दिसतात. काही ठिकाणी तुटक वर्तुळ दिसते आणि वाचणारा तो फॉन्टचा दोष समजून पुढे जातो.

एनएफसी इथे काहीच करत नाही. बंगाली किंवा तमिळमध्ये दोन भागांची स्वरचिन्हे जोडण्याची तरतूद युनिकोडमध्ये आहे, परंतु देवनागरीतील काना आणि मात्रा यांची जोडी ०९४बी च्या तोडीची मानलेली नाही. अनुस्वार आणि उकार यांचा क्रमही नॉर्मलायझेशनने बदलत नाही. त्यामुळे ही दुरुस्ती आपल्या तक्त्यानेच करावी लागते, आणि तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. अनुस्वार, चंद्रबिंदू किंवा विसर्ग यांच्यानंतर ०९३ई ते ०९४सी या पट्ट्यातील स्वरचिन्ह आले असेल, तर प्रथम त्यांची अदलाबदल करावी. मग काना-मात्रा मिळून ओकार, काना आणि दोन मात्रा मिळून औकार, काना आणि चंद्र मिळून ऑकार असे जोडावे. 'कांेढवा' या रूपात काना, अनुस्वार, मात्रा असा क्रम असतो. इथे जोडणी आधी केली तर काना आणि मात्रा यांच्यामध्ये अनुस्वार बसलेला असल्याने ती जोडी सापडतच नाही, आणि निम्मे पत्ते पुन्हा बाहेर राहतात.

स्वरांचेही असेच आहे. अ पुढे काना टाइप करून केलेला आ, अ पुढे ओकार देऊन केलेला ओ, आ वर मात्रा देऊन केलेला ओ हे सगळे तक्त्यात घ्यावेत. ॲ या अक्षराला ०९७२ हा संकेतांक २००८ साली युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या याद्यांत 'ॲड.' हे वकिलांच्या नावामागचे बिरुद अ वर चंद्र देऊन किंवा ए वर चंद्र देऊन, म्हणजे 'ऍड.' असे लिहिलेले आढळते. तुलनेपुरते ही तिन्ही रूपे एक मानण्यास हरकत नाही. खरे तर तुलनेपूर्वी बिरुदे काढून स्वतंत्र स्तंभात ठेवली तर अधिक बरे.

उर्दू-हिंदी वळणाची नुक्त्याची अक्षरे यादीत असतील, तर एका गोष्टीने दचकू नये. ज़, फ़ यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहेत, तरी एनएफसी त्यांना फोडून अक्षर आणि नुक्ता असे वेगळे करते आणि लांबी वाढते. ऱ जोडला जातो आणि ज़ फोडला जातो, हे विचित्र वाटले तरी नियमाला धरून आहे, आणि दोन्ही याद्या त्याच नियमातून गेल्या की तुलनेला बाध येत नाही. एनएफसीऐवजी एनएफकेसी हा नॉर्मलायझेशनचा दुसरा प्रकार वापरण्याचा मोह मात्र आवरावा; देवनागरीपुरता त्याचा वेगळा फायदा नाही, आणि घरक्रमांकात ½ असेल तर त्याचे तुकडे करून ते आधीच्या आकड्याला चिकटवते.

दुरुस्ती कोठे करावी

या सगळ्या पायऱ्या एकाच फंक्शनात ठेवाव्यात : एनएफसी, पापणीचे त्रिकूट, शून्य रुंदीची चिन्हे, अनुस्वाराची अदलाबदल, काना-मात्रांची व स्वरांची जोडणी, लागोपाठच्या मोकळ्या जागांची एक जागा, आणि शेवटी पुन्हा एकदा एनएफसी, कारण मधले अदृश्य चिन्ह निघून गेल्यावर र आणि नुक्ता नव्याने शेजारी येऊ शकतात. या फंक्शनातून निघालेले रूप मूळ नावावर चढवू नये. त्यासाठी तक्त्यात तुलनारूप असा वेगळा स्तंभ करावा. छापायचे नाव मूळ स्तंभातून घ्यावे आणि जुळवणी या स्तंभावर करावी. माझा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे, कारण मूळ नावच बदलून टाकले की फंक्शनातील चूक पुढे उघडकीस आली तरी मागे परतण्याची वाट राहत नाही.

शोधाच्या चौकटीत टाइप केलेला मजकूरही त्याच फंक्शनातून गेला पाहिजे. हे बहुतेक वेळा विसरले जाते : साठवलेला तक्ता स्वच्छ केला जातो, पण खिडकीवरचा कर्मचारी वेगळ्या कीबोर्डवरून झेडडब्ल्यूजेचा कुऱ्हाडे टाइप करतो आणि सभासद पुन्हा हरवतो. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगचे नॉर्मलाइझ, जावात नॉर्मलायझर हा वर्ग, पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन उपलब्ध आहे. परंतु बदलांचा तक्ता तीन भाषांत तीनदा लिहिला की तो कालांतराने तीन तऱ्हांचा होतो. शक्य असेल तिथे तुलनारूप एकाच ठिकाणी, सर्व्हरवर, तयार करावे.

आकड्यांबाबत भाषांचे वागणे वेगवेगळे आहे, हे पिनकोड तपासताना आडवे येते. पायथनचे इंट '४११०३८' हा कोथरूडचा पिनकोड देवनागरी आकड्यांतही निमूटपणे स्वीकारते आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधील, म्हणजे मजकुराचा साचा तपासण्याच्या सूत्रातील, आकड्याचे चिन्हही त्याला आकडाच मानते. जावास्क्रिप्टचे नंबर त्यावर एनएएन, म्हणजे 'हा आकडा नाही' असे उत्तर, देते, आणि तिथल्या रेग्युलर एक्स्प्रेशनला फक्त इंग्रजी आकडे कळतात. त्यामुळे फॉर्ममध्ये नाकारलेला पिनकोड सर्व्हरवर चालतो, किंवा आयातीत आलेली नोंद नंतर दुरुस्तीच्या पानावर अडकते. तुलनारूप करताना ०९६६ ते ०९६एफ हे दहा संकेतांक इंग्रजी आकड्यांत बदलले की ही विसंगती संपते.

या फंक्शनाने काय करू नये, हेही तितकेच ठरवून ठेवावे. सुनिता आणि सुनीता, पंडित आणि पण्डित, कुलकर्णी आणि कुळकर्णी हे संकेतांकांचे प्रश्न नाहीत. कोणी आपले नाव कसे लिहितो, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे, आणि कुळकर्ण्यांना परस्पर कुलकर्णी करणाऱ्या संगणकाने पुण्यात तरी सुखाने नांदण्याची अपेक्षा ठेवू नये. अशा जोड्या वेगळ्या यादीत काढून सभासद क्रमांक आणि जन्मतारीख यांच्यासह माणसाच्या नजरेखालून घालाव्यात. त्या यादीसाठी ऱ्हस्व-दीर्घ एक करणारे दुसरे, अधिक सैल रूप काढता येते, पण त्याच्या आधारावर कोणतीही नोंद आपोआप जोडू नये. रफार आणि पापणी या सैल रूपातही वेगळीच ठेवावीत.

फंक्शन बदलले की जुने दुखणे उलटू नये, यासाठी वर आलेल्या जोड्यांच्या चाचण्या लिहून ठेवाव्यात. तिन्ही कुऱ्हाडे एक झाले पाहिजेत; दोन्ही प्रकारे बिघडलेला कोंढवा आणि अनुस्वार सरकलेला मुंढवा जाग्यावर आले पाहिजेत; आचारी आणि आचार्य वेगळे राहिले पाहिजेत; आणि कोणतेही नाव फंक्शनातून दोनदा गेले तरी उत्तर एकदा गेल्यासारखेच आले पाहिजे. ही शेवटची चाचणी सगळ्या सभासदांच्या खऱ्या यादीवर चालवावी, कारण पायऱ्यांचा क्रम चुकला असेल तर तो बहुधा तिथेच पकडला जातो.

चाचणीतील बिघडलेली नावे फाइलीत नुसती पेस्ट करून ठेवू नयेत. काही एडिटर आणि स्वरूपण करणारी साधने जतन करताना अदृश्य चिन्हे काढतात, आणि मग बिघडलेले नाव चाचणीतच दुरुस्त होऊन बसते व चाचणी कशाचीही परीक्षा न घेता उत्तीर्ण होते. त्याऐवजी ती नावे बॅकस्लॅश-यू पद्धतीने, प्रत्येक चिन्हाचा चार अंकी संकेतांक लिहून द्यावीत, आणि शेजारी टिपणीत कोणत्या यादीतून तो नमुना मिळाला, ते नोंदवावे.